रेघ शेवटी

"रेघ आली रे!" असं ओरडून तो डावा पंजा वर करायचा, आणि मग सगळ्यांनी गप्प बसायचं, असा आमच्या मुरबाडच्या बाजारपेठेत कायदाच होऊन बसला होता. दुकानदार गप्प, गिऱ्हाईक गप्प, पानवाल्याचा रेडिओसुद्धा गप्प. तो छातीत श्वास भरून घ्यायचा, ब्रश पाटीच्या डाव्या टोकाला टेकवायचा आणि उजव्या टोकापर्यंत एका दमात ओढत न्यायचा. मग श्वास सोडून म्हणायचा, "हां, आता बोला काय बोलायचं ते."

तुम्हीही पाट्या रंगवणारे पाहिले असतील. ते एकेक अक्षर डोक्यावरच्या रेघेसकट पुरं करत पुढे सरकतात. आमचा पेंटर तसा नव्हता. तो आधी सगळी अक्षरं बोडकी काढायचा आणि मधेच जाऊन चहा पिऊन यायचा. तोवर बिचारा दुकानदार पाटीकडे बघून हवालदिल. "पेंटर, अरे ही तर गुजराती झाली रे!" असं एकदा भांड्यांचा दुकानदार अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला होता. पेंटर बशीतला चहा फुंकत म्हणाला, "रेघ शेवटी. घर बांधतांना कौलं आधी घालतंस काय?"

त्याला नाव होतं, पण सगळे पेंटरच म्हणायचे, तेव्हा मीही तेच म्हणतो. माझं दुकान टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं. मी पेट्या उघडून आत हात घालतो म्हणून तो मला डाक्टर म्हणायचा. त्याचं गाव किन्हवलीच्या पलीकडे. सकाळच्या एसटीने यायचा, खांद्याला पिशवी, पिशवीत ब्रश, आणि पँटवर इतके रंग की मूळचा कापडाचा रंग त्याच्या बायकोलाही सांगता आला नसता.

किन्हवलीच्या एसटी स्टँडवरची गंमत तर मी डोळ्यांनी पाहिली आहे. हा शेडच्या भिंतीवर गावांची नावं लिहीत होता. अक्षरं झाली, आता रेघ. नेमकी तेव्हाच बाजूला शहापूरची गाडी इंजिन चालू ठेवून उभी, आणि तिच्या धडधडीने भिंत थरथरतेय. याने शिडीवरूनच फर्मान सोडलं, "ओ मास्तर, इंजिन बंद करा. रेघ आली." ड्रायव्हर भला माणूस, त्याने केलं बंद. रेघ झाली झकास, पण गाडी काही परत चालू होईना! शेवटी पॅसेंजर उतरून धक्का मारायला लागले, शिव्या देत. पेंटरही शिडीवरून उतरून त्यांच्यात घुसला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने पेंटरला शिव्या द्यायला लागला.

असे आमचे दिवस चालले होते. मग फ्लेक्स आले.

आधी शहापुरात हायवेच्या कडेला, मग आमच्याकडे. सकाळी सांगा, दुपारी बोर्ड तयार, वर मालकाचा हसरा फोटो. त्यापुढे एका पाटीला चार दिवस कोण थांबणार? पेंटर त्या फ्लेक्सखाली मान वर करून उभा राहायचा. मला वाटलं, शिव्या देईल. पण तो म्हणाला, "अक्षर वाईट नाय रे, डाक्टर. पन ते कोनाचंच नाय."

कामं कमी झाली त्याचा त्याने फार बाऊ केला नाही. खरा घाव पुढेच होता. दूध डेअरीची पाटी करताना त्याने पंजा वर केला, सगळे गप्प झाले, आणि रेघ निम्म्यात लाटेसारखी वरखाली झाली. त्याने रॉकेलच्या फडक्याने पुसली. परत मारली, परत तेच. तिसऱ्यांदा डेअरीवाला दुसरीकडे बघायला लागला. "आज चहा जास्त झाला," पेंटर म्हणाला. आम्ही सगळे हसलो, नको तितक्या मोठ्याने हसलो.

कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा शिरांचा आजार आहे, गोळ्या घ्या, पण तो वाढत जाणार. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून त्याने उजवा हात समोर धरला. हात आपला आपण हलत होता. "माझा हात चाललाय रे," तो म्हणाला. मी कुणाचा तरी रेडिओ उघडून बसलो.

थोड्या दिवसांनी पेंटर कल्याणहून एसटीने आला तो मांडीवर एक पेटी घेऊन, गोणपाटात गुंडाळलेली. गोणपाट काढलं तर आत बुटका, जुनाट कम्प्युटर. पडदा, मशीन, सगळं एकाच डब्यात, रंग उन्हाने पिवळा पडलेला. मुंबईत जाहिरातीच्या एका ऑफिसात त्याचा चुलतभाऊ शिपाई होता. त्या ऑफिसात पूर्वी या डब्यावर अक्षरं बनवायचे. नवीन मशिनं आली तेव्हा हा भंगारात निघाला, आणि भावाने तो उचलून याला दिला, कसा चालवायचा तेही दाखवलं. अक्षरं बनवायचा प्रोग्राम आत तसाच होता.

"हात हाय तोवर माझी अक्षरं यात भरून ठेवतो," पेंटर म्हणाला. "मंग हात गेला तं जाऊदे. फ्लेक्सवाला माझ्या अक्षरात बोर्ड काढील. आनि काय पायजे?"

सांगायचं ते एवढंच. त्या माणसाला दुसरं काही नको होतं.

गावाकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून डबा ठेवला माझ्या शेजारच्या लेथवाल्या मिस्त्रींच्या कारखान्यात, एका कोपऱ्यात. मिस्त्री म्हणजे वयाने आमच्यापेक्षा मोठा, देवभोळा माणूस. यंत्राला चुकून पाय लागला तरी पाया पडणारा. त्यांनी कोपरा झाडून दिला, वर बसायला स्वतःचं स्टूल दिलं.

मग रोज पेंटर यायचा आणि त्या वीतभर पडद्यासमोर बसायचा. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून माऊस सरकवायचा. रेघ चुकली की एक बटण दाबून पुसायचा. "पाटी माफ करत नाय. हा करतो," असं डब्याकडे बोट दाखवून सांगायचा. भांडण फक्त एकाच गोष्टीवरून होतं. कम्प्युटरात प्रत्येक अक्षराला आपापला रेघेचा तुकडा असतो, आणि अक्षरं शेजारी आली की तुकडे जोडले जातात. पेंटरला हे मुळीच मान्य नव्हतं. "तुकडे जोडून कुटं रेघ व्हते काय?" म्हणत त्याने तो सांधा दिसेनासा करायला किती दिवस घालवले! पण शेवटी सांधा घालवलाच. एक दिवस मला हाताला धरून ओढत नेलं आणि पडद्यावर 'किन्हवली' लिहिलेलं दाखवलं. स्टँडवरचंच अक्षर, तसंच ऐटबाज. मी शोधून शोधून थकलो, सांधा सापडला नाही. पेंटर लहान पोरासारखा हसत होता.

आणि तेव्हापासूनच डब्याचा पडदा आकसायला लागला. मधूनच चित्र लहान व्हायचं, परत मोठं व्हायचं. सकाळी चालू व्हायला वेळ लागायचा. एकदा तर दुपार झाली तरी उठेना. मी कान लावला, वास घेतला आणि ओळखलं की याचा पॉवर सप्लाय मरायला टेकलाय. म्हणजे लाइट घेऊन आतल्या भागांना पुरवणारी जी प्लेट असते, ती. तिच्यातले कपॅसिटर म्हातारे झाले की असंच होतं. गरम असला की चालतो, थंड पडला की उठत नाही.

"उघडू दे मला," मी म्हटलं. "प्लेट बदलून टाकतो."

"आनि उघडल्यावर गेला तर?"

"मग आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घे."

"कुटं उतरवू? फ्लॉपी टाकली तर तो गिळतो, परत देत नाय." हे खरं होतं. ते तोंड बिघडलेलंच आलं होतं. "थोडी अक्षरं राहिलीत रे. ती पुरी होऊदे, मंग उघड."

शेवटी ठरलं की डबा बंदच करायचा नाही. रात्रंदिवस चालू ठेवायचा. लोडशेडिंगसाठी मी एक जुनी ट्रॅक्टरची बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडून दिला. पेंटरने पुठ्ठ्यावर स्वतः ब्रशने लिहिलं, 'बंद करू नये'. ती थरथरती अक्षरं बघून तोच ओशाळला. तरी पुठ्ठा डब्यावर टेकवून ठेवला. बाजारपेठेत सगळ्यांना माहीत झालं, पेंटरच्या डब्याला हात लावायचा नाही. मी मुंबईच्या जुन्या बाजारातून दुसरा सप्लाय आणून फळीवर तयार ठेवला. दसरा जवळ आला तेव्हा एकच अक्षर उरलं होतं, 'ळ'. "त्याची दोन पोटं सारखी काढायची, पन सारखी दिसता नाय कामा. लय अवघड," पेंटर म्हणाला. "दसरा झाला की 'ळ' पुरा करतो. मंग तू उघड."

दसऱ्याला तो गावच्या विहारात. धम्मदीक्षेचा दिवस, त्यामुळे पांढरे कपडे घालून सकाळपासून तिकडेच. मी खर्डीला सासुरवाडीला. आणि आमचे मिस्त्री कारखान्यात, यंत्रांची पूजा करत.

तुम्हाला ही रीत ठाऊक आहे. दसऱ्याला हत्यारं धुवायची, पुसायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि त्या दिवशी ती चालवायची नाहीत. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांना आराम. मिस्त्रींनी लेथ पुसली, ड्रिल पुसलं, ग्राइंडर पुसला. मग कोपऱ्यातल्या डब्यापाशी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो आणि पेंटर एसटीतून उतरून थेट कारखान्यात गेला. पाठोपाठ मीही गेलो, सोनं द्यायला. डब्याला हार होता. काळ्या पडद्यावर मधोमध कुंकवाचा टिळा, वर चार तांदूळ. पुठ्ठा नीट पुसून बाजूला ठेवलेला.

"हा बंद कोनी केला?" पेंटरने विचारलं.

"मी," मिस्त्री हसतमुखाने आपट्याची पानं पुढे करत म्हणाले. "काल दसरा ना रे. रोज चालतो बिचारा, दिवस नाय बघत, रात नाय बघत. वर आजारी. मी म्हटलं, आजच्या दिवस तरी त्याला आराम देऊ. दसऱ्याला न थांबलेलं यंत्र वर्ष काढत नाय."

पेंटरने अंगठ्याने पडद्यावरचं कुंकू हळूहळू पुसलं. "मिस्त्री, मी पूजा करत नाय. तुमाला माहीत हाय."

"माहीत हाय रे," मिस्त्री म्हणाले. "म्हनून तर तुझ्या वाटची मी केली."

पेंटरने मागचं बटण दाबलं, परत दाबलं. काही नाही. तेव्हा कुठे मिस्त्रींचा चेहरा उतरायला लागला. पेंटरने हार काढला, स्टुलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "उघड."

त्या डब्याचे स्क्रू इतके खोल की माझा एकही स्क्रूड्रायव्हर पोचेना. मिस्त्रींनी पोलादी सळई घेतली, लेथवर लावली, घासून लांब स्क्रूड्रायव्हर करून दिला. त्यांचे हात चालत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागचं कव्हर निघालं आणि सुकटीसारखा वास आला. कपॅसिटर फुगून फुटले होते, त्यांचं पाणी प्लेटवर सांडून तांबं हिरवं पडलं होतं. मी आधी पिक्चर ट्यूबमधला करंट उतरवला, टीव्हीला उतरवतो तसा. जुनी प्लेट काढली. नवीन सप्लाय आकाराने मोठा, आत मावेना. मग त्याचा पत्रा काढून फक्त प्लेट आडवी बसवली, एकेक वायर मोजून-तपासून जोडली. पेंटर जमिनीवर उकिडवा बसून बघत होता. संध्याकाळ झाली तरी तिघांपैकी कुणी जेवलं नव्हतं.

"लाव," पेंटर म्हणाला.

मी बटण दाबलं. टण्ण करून घंटी वाजली! पडदा उजळला, पूर्वीपेक्षा स्वच्छ, अजिबात न आकसता. मिस्त्रींनी दोन्ही हात जोडले. मी तर ओरडलोच. माझा हात बसला होता कामावर, सप्लाय अगदी चोख चालत होता.

मग पडद्याच्या मधोमध एक छोटं चित्र आलं, फ्लॉपीचं. त्यावर प्रश्नचिन्ह उघडझाप करत होतं. आम्ही वाट पाहिली. ते उघडझाप करतच राहिलं. मी डब्याला कान लावला. आतली डिस्क, जिच्यात त्याची सगळी अक्षरं होती, ती फिरतच नव्हती. इतके दिवस गरम फिरत होती म्हणून फिरत होती. एका दिवसात थंड पडली ती आतल्या आत चिकटून बसली. म्हणजे मशीन जिवंत, पण त्याला काहीच आठवत नव्हतं.

मी डिस्क काढून हातात घेऊन झटके दिले. मिस्त्रींनी, अडकलेल्या बेअरिंगला देतात तशी, लाकडी हातोडीने हलकी टिचकी दिली. परत जोडली. परत तेच प्रश्नचिन्ह.

पेंटर पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाला, "प्रश्नचिन्ह बरोबर नाय काढलंय. पोट खाली आलंय."

मला रडू आलं. आलं ते आलं, सांगायला लाज कसली.

मुंबईला जाऊन आलो मी डिस्क घेऊन. जुन्या बाजारातल्या माणसाने कानाजवळ हलवून बघितली आणि परत माझ्या हातात ठेवली. परत पहिल्यापासून करू, असं मी पेंटरला म्हटलं, पण तोवर त्याला शर्टाचं बटणही लावता येत नव्हतं. एकदा त्याने मला ब्रश धरायला लावला. तो सांगणार, मी काढणार. "वर घे. आता पोट. हलके. शेपूट मारू नको." मी घाम गाळून 'क' काढला. त्याने मान वाकडी करून बघितलं. "वाईट नाय," म्हणाला. "पन हा तुझा झाला, डाक्टर." त्यानंतर त्याने मला ब्रश दिला नाही.

मिस्त्रींशी तो कितीतरी दिवस बोलला नाही. मग एकदा आपणच जाऊन त्यांच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "चा सांगा." तेवढंच. पण मिस्त्री त्यानंतर सावरले नाहीत.

मग पेंटरचं येणंच बंद झालं. मी गावी भेटायला गेलो तर ओट्यावर बसला होता, उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरलेला. बायको चहा पाजत होती. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझी पाटी लय जुनी झाली रे. फळी आनून दे."

"कशाला पेंटर, आहे ती चांगली आहे."

"आनून दे बोललो ना!"

दिली. पावसाळा संपायच्या सुमारास तो गेला. जलदान विधी झाल्यावर काही दिवसांनी त्याची बायको एसटीने आली, हातात गोणपाट. त्याच डब्याचं गोणपाट. आत फळी. 'टीव्ही रेडिओ दुरुस्ती' आणि खाली बारीक अक्षरात 'मंगळवारी बंद'. प्रत्येक अक्षर थंडीत कुडकुडल्यासारखं, पण त्याचं. ओळखायला सही नको. खालच्या ओळीत 'ळ' होता. दोन पोटं, सारखी आणि न सारखी.

रेघ नव्हती.

"महिनाभर करत व्हते," ती म्हणाली. "एकेक अक्षराला दोन दोन दिस. मंग बोलले, रेघ डाक्टरला मारूदे. त्याचा हात थिर हाय."

मी ब्रश घेतला होता, खरंच घेतला होता. मिस्त्रींनी पंजा वर केला. बाजारपेठ आपसूक गप्प झाली. मी श्वास भरला, ब्रश डाव्या टोकाला टेकवला, आणि हा माझा हात, जो केसाएवढ्या वायरी जोडतो, तो लटलट कापायला लागला. ब्रश खाली ठेवला. पाटी तशीच टांगली. नवीन गिऱ्हाईक विचारतं, "गुजराती शेठनी घेतलं काय दुकान?"

मिस्त्री आता दसऱ्याला पूजा करतात, हार घालतात, पण एकही यंत्र बंद करत नाहीत. लेथ दिवसभर मोकळी फिरत असते, तिच्यावर काम नसतं. संध्याकाळी ते आपट्याची पानं घेऊन माझ्या दारात येतात, पाटीकडे बघतात आणि विचारतात, "यंदा मारतंस काय रेघ?"

आमच्या दोन दुकानांत एकच भिंत. लेथ चालू असली की माझी पाटी थरथरत असते.

"आधी लेथ बंद करा," मी म्हणतो.

ते पानं माझ्या हातात देतात आणि परत आत जातात. लेथ चालू असते.